सुस्कारे आढळले नाहीत

सरकारी काम म्हटलं की नियम आलाच. इथला नियम असा, की स्त्रियांसाठीचं केंद्र मंजूर करण्याआधी त्या ठिकाणी स्त्रिया आहेत, याची खातरजमा व्हावी. आमगावजवळच्या आमच्या गावाने बाळंतपणाचं केंद्र मागितलं होतं. मागणी कुंदाबाईची. तिची लेक आमगावच्या दवाखान्याच्या वाटेवर बैलगाडीतच दगावली, पोटातल्या लेकरासकट. आता सून प्रेमिला गरोदर होती. म्हातारीचं म्हणणं एवढंच, की हिला तरी गाडीत घालायची वेळ येऊ नये.

तपासणीसाठी स्त्रीविषयाचा तज्ज्ञ हवा होता. एका नर्सबाईंचं नाव पुढे आलं. पण त्या स्वतःच स्त्री असल्यामुळे त्यांचं मत निःपक्षपाती राहणार नाही, असा शेरा पडला. मग नागपूरचे कादंबरीकार घनश्यामराव नेमले गेले. त्यांनी डझनावारी नायिका निर्माण केल्या होत्या, आणि बायकोशी बोलायची वेळ आलीच तर ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून नुसते खाकरत. याहून अनुभवी माणूस कुठून आणायचा?

ऐन रोवण्यात स्वारी आली. बांधीत बाया ओणव्या होऊन धानाची रोपं लावत होत्या. बांधावर छत्री धरून घनश्यामरावांनी कुंदाबाईला विचारलं, "बाई, आपल्या अंतरात कोणती अनामिक हुरहुर दाटून येते?"

"हुरहुर कोनाले आली जी? कंबर दुखून राहिली. सरका तिकडं, तुमच्या पायाखाली रोपं हायत."

तरी बोलता बोलता तिने लेकीची गोष्ट सांगितली. घनश्यामरावांचे डोळे पाणावले. ते हळूच म्हणाले, "त्या वेळी आकाशाचा रंग कोणता होता?"

"मी पोरीकडं पाहून राहिली होती. वर कोन पाहते?"

संध्याकाळी ते तलावाच्या पाळीवर एकट्या स्त्रीची वाट पाहत बसले. एकटी कोणी आलीच नाही. आल्या त्या घोळक्याने, शेजारणीच्या बकरीवरून भांडत; आणि धुरपताबाईने तर साहेबांनाच हाक मारून गवताचा भारा आपल्या डोक्यावर चढवून घेतला. अहवाल गेला: "लुगडी व बांगड्या समाधानकारक. तथापि सुस्कारे आढळले नाहीत. लाजणे नाही. कारणाशिवाय कोणी रडत नाही. सबब, या गावात मजूर आहेत. स्त्रिया असल्याचे सिद्ध होत नाही." केंद्र नामंजूर.

कुंदाबाई मागे हटणारी नव्हती. "सुस्कारे पाह्यजेत? मंग टाकू ना! फुकटच तं हाय."

झालं, गावात तालीम सुरू झाली. धुरपताबाई लाजायला लागली की तिला शिंका यायच्या, म्हणून तिला मागच्या रांगेत टाकलं. प्रेमिलेला मोहाच्या झाडाला टेकवून, मान वाकडी करून, पाण्याकडे पाहायला बसवलं.

"माय, भूक लागली."

"नायिकेले भूक लागत नाई. गुमान बस!"

फेरतपासणीला घनश्यामराव आले आणि पाहतच राहिले. पाळीवर ओळीने सुस्कारे चालले होते. त्यांनी तिथल्या तिथे स्त्रिया असल्याचा दाखला दिला, केंद्राची रक्कम मंजूर झाली, आणि ते जे घरी गेले ते मोहाखालच्या प्रेमिलेवर कादंबरी लिहायलाच बसले. पुस्तक भराभर छापून निघालं. गोंदियाच्या लोकांनीही रांगा लावून घेतलं.

केंद्राचं बांधकाम काही सुरू होईना. कुंदाबाई सुनेला घेऊन गोंदियाच्या कचेरीत गेली. विकास अधिकारी रामलालजींचे डोळे लाल, टेबलावर पुस्तक उघडं.

"बाई, अब सेंटर किसके लिए? वो तो गुजर गई बेचारी. बैलगाडी में."

"कोन गुजरली? हे काय, माह्या बाजूले उभी हाय!"

रामलालजींनी प्रेमिलेकडे पाहिलं, पुस्तकाकडे पाहिलं. "छपा हुआ है, बाई," ते म्हणाले. "हम क्या कर सकते हैं?"

मंजूर रक्कम परत जाऊ नये, म्हणून तलावाच्या पाळीवर नायिकेची समाधी बांधण्यात आली. उद्घाटनाच्या आदल्याच दिवशी प्रेमिला आमगावच्या वाटेवर, बैलगाडीतच बाळंत झाली आणि लेकरासकट जगली. कथानकाला हे अगदीच सोडून होतं. कुंदाबाईने समारंभात घनश्यामरावांना गाठलं.

"माह्या सुनेले काऊन मारलं जी तुमी?"

ते शरमले, हे मात्र खरं. "पहिल्या खर्ड्यात जगली होती, बाई. प्रकाशक म्हणाले, जगलेली बाई खपत नाही. वाचकांना रडायला लागतं."

म्हातारीने समाधीवरच्या फुलांकडे पाहिलं. मग म्हणाली, "मंग माही पोरगी मेली तवा हे वाचक कोठी होते?"

दोन वर्षं झाली. लोक अजून येतात, लांबलांबून येतात. परवा एक मोठी मंडळी बस करून आली. समाधीवर फुलं वाहिली, रुमाल काढले. तेवढ्यात, थोरलं कडेवर, दुसरं पोटात, अशी प्रेमिला पाळीवरून सावकाश चालत त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली.

"दादा, तुमची बस आमगाववरून जाते का? मले कळा येऊन राहिल्या."

"बाई, जरा बाजूला व्हा," गर्दीतून कोणीतरी ओल्या आवाजात म्हणालं, "समाधी दिसत नाही."

आवाज ओळखीचा वाटला. तुमचा तर नव्हता? तुमच्याही हातात ते पुस्तक होतं ना, म्हणून विचारतो.