अभिप्राय मागवा

तात्यासाहेब ढोबळ्यांची दाढ दुखायला लागली तेव्हा ती काढावी की ठेवावी, हे त्यांनी सतरा जणांना विचारलं. वैद्य झाले, हकीम झाला, सरकारी दवाखान्यातले डॉक्टर झाले, शेजारपाजार झाला. प्रत्येकाचं म्हणणं मला वहीत उतरवून घ्यावं लागलं. काढा म्हणणारे नऊ, ठेवा म्हणणारे सहा; न्हावी आणि टांगेवाला तटस्थ. हे घोंगडं भिजत पडलेलं असताना चौथ्या महिन्यात ज्वारीची भाकर चावता चावता दाढ आपणहून बाहेर आली. तात्यासाहेबांनी ती धुतली, तळहातावर घेऊन मला दाखवली आणि म्हणाले, "पाहिलं का गणपतराव? घाई केली असती तर?"

घाई केली असती तर चार महिने गाल धरून बसावं लागलं नसतं. पण हे मी बोललो नाही. बावीस वर्षं मी त्यांचा कारकून होतो आणि त्यातली निम्मी वर्षं मी न बोलण्यातच घालवली.

तात्यासाहेब मूळचे नरखेडकडचे मालगुजार, म्हणजे गावचे जमीनदार. राहायचे नागपुरात, सक्करदऱ्याच्या तलावाच्या अंगाला. मध्यप्रांताच्या कौन्सिलात जुन्या मताच्या मंडळींचे ते पुढारी होते. पुढारी झाले त्याचीही गंमतच आहे. पुढारी कोणाला करावं असा प्रश्न मंडळींपुढे आला तेव्हा तात्यासाहेब उठून म्हणाले, "अभिप्राय मागवा." ते येईपर्यंत खुर्ची रिकामी कशी ठेवायची, म्हणून तात्पुरते तेच बसले. चौदा वर्षं ते तात्पुरतेच होते.

आता 'अभिप्राय मागवा' म्हणजे काय ते सांगतो, कारण माझं अर्धं आयुष्य त्यात गेलं. कौन्सिलात कोणतंही बिल आलं, ठराव आला, की सभासदाला उठून म्हणता येई: हे आधी जिल्ह्याजिल्ह्यांत फिरवा, लोकांना काय वाटतं ते लेखी मागवा, तोवर तहकूब. रीत चांगलीच आहे. पण बाकीचे सभासद ती मिठासारखी वापरत. आमच्या तात्यासाहेबांनी तिचीच भाजी केली होती. रस्त्याचं बिल असो, शाळेचं असो, ते उठायचे, उपरणं सारखं करायचे आणि म्हणायचे, "माझी हरकत आहे. अभिप्राय मागवा." एकदा गुरांच्या कोंडवाड्याचं बिल आलं तेव्हा समोरच्या बाकावरचा एक वकील चिडून म्हणाला, "बैलांचेही अभिप्राय मागवायचे का?" तात्यासाहेब शांतपणे म्हणाले, "मालकांमार्फत मागवायला माझी हरकत नाही."

मग कागद निघायचे. कचेरीतून तहसिलीत, तहसिलीतून पाटलाकडे, पाटलाकडून ज्याच्या नावावर जमीन त्याच्याकडे. सहा-आठ महिन्यांनी उत्तरांचे गठ्ठे परत यायचे आणि त्यांची एक प्रत आमच्याकडे. ती वाचून तक्ते कोणी करायचे? या गणपतानं. कपाळ माझं! एका गावानं लिहिलं होतं, "साहेबांचं जे मत तेच आमचं मत. तरी साहेबांचं मत काय आहे ते उलट टपाली कळवावं." दुसऱ्यानं लिहिलं, "पीक बरं आहे. मत मागाहून कळवू." एकानं तर कोऱ्या कागदावर नुसता अंगठा उठवून पाठवला होता. तात्यासाहेबांनी तो कितीतरी वेळ पाहिला आणि म्हणाले, "हा सगळ्यात विचारी माणूस दिसते."

तुम्हाला वाटेल, लबाड माणूस. मलाही पहिली काही वर्षं तसंच वाटायचं. पण लबाड माणूस घरी वेगळा असतो. हे घरीही तसेच. विहिरीला रहाट बसवायचा की नाही, अंगणातला कडुलिंब तोडायचा की नाही, सगळ्यावर अभिप्राय. यमुनाबाई, म्हणजे त्यांची बायको, मला म्हणायच्या, "गणपतभाऊ, तुमच्या साहेबांले विचारलं ना, भात वाढू का, तं ते म्हणतीन, शेजारी काय जेवून राहिले ते पाहून ये."

यमुनाबाई ठेंगण्या, सावळ्या आणि बोलायला फटकळ. मूलबाळ नव्हतं. वडिलांनी नरखेडजवळचा संत्र्याचा बगीचा त्यांच्या स्वतःच्या नावावर करून दिला होता. त्याचा शेतसारा त्यांच्याच नावानं भरला जायचा, आणि याचा त्यांना फार अभिमान. संत्री आली की पहिली टोपली माझ्या घरी. "हे माझ्या मालकीचे आहेत, तुमच्या साहेबांचे नाही," असं दर वर्षी न चुकता सांगायच्या.

तर एका बैठकीत ठराव आला की ज्या बायकांच्या नावावर जमीन आहे, सारा आहे, त्यांना कौन्सिलच्या निवडणुकीत मत द्यायचा हक्क असावा. पुरुषांना होताच. ही बातमी सक्करदऱ्याला माझ्या आधी पोचली. मी गेलो तर यमुनाबाई दारातच उभ्या. "मले मिळते ना मग? बगीचा तं माझ्या नावावर आहे!"

"मिळेल की," मी म्हणालो.

आत तात्यासाहेब भाषण तयार करून राहिले होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "थांब वं. जनरीत पाहावी लागते. उद्या बाया मत देतीन, परवा भाषण करतीन."

"भाषण तं मी आताही करतो. तुमी ऐकता कुठी?" त्या म्हणाल्या. मग जरा जवळ आल्या आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "अवो, एकदाच द्यायचं आहे मले. कसं वाटते ते पाहायचं आहे. बगीच्याचा सारा भरतो मी, कागदावर नाव आहे माझं. एकदा कोणी हाक मारून विचारलं पाहिजे ना, बाई, तुले काय वाटते म्हणून."

तात्यासाहेब दौतीचं झाकण लावत बसले. मला वाटलं, या खेपेला माणूस वळतो. पण दुसऱ्या दिवशी कौन्सिलात ते उठले, उपरणं सारखं केलं, आणि इतक्या वर्षांचं वळण जिभेला, त्याला काय करणार? "माझी हरकत आहे. प्रश्न नाजूक आहे. अभिप्राय मागवा." ठराव एक वर्षासाठी तहकूब झाला.

त्या दिवशी घरी त्यांना जेवण मिळालं, पण वाढताना कोणी बोललं नाही. आठ दिवस यमुनाबाई माझ्यामार्फत बोलायच्या. "गणपतभाऊ, साहेबांले सांगा, ताक पाहिजे का." मी समोरच बसलेल्या साहेबांना सांगायचो. साहेब मला सांगायचे, "पाहिजे म्हणा." माझ्या नोकरीत हेही होतं. नवव्या दिवशी तात्यासाहेब थेट यमुनाबाईंना म्हणाले, "एक वर्षाचाच तं प्रश्न आहे वं. वर्ष काय, हां हां म्हणता जाते."

वर्ष काही पुरं झालं नाही. आठव्या महिन्यात यमुनाबाईंना ताप भरला आणि तिसऱ्या दिवशी त्या गेल्या. दाढेसाठी चार महिने सतरा जणांना विचारणारा माणूस, त्याला या वेळी एका वैद्यापलीकडे कोणाला विचारायला सवड मिळाली नाही. मी पोचलो तेव्हा ते ओसरीवर बसले होते. मला म्हणाले, "गणपतराव, इतकी घाई कोणती होती तिले?" आणि मोठ्यानं रडले. मीही रडलो. माझं त्या घरात त्यांच्यापेक्षा यमुनाबाईंशीच जास्त पटायचं.

दोन महिन्यांनी अभिप्रायांचे गठ्ठे आले. मी नरखेडचा गठ्ठा सोडला. बहुतेक नेहमीचंच: नको, नको, साहेबांचं मत कळवा. मधेच एक कागद निघाला. पेनसिलीनं लिहिलेलं, एकेक अक्षर लिंबाएवढं.

"यमुनाबाई भ्रतार तात्यासाहेब ढोबळे. बगीचा माझा आहे. मले मत द्यायचं आहे. लवकर करा."

बगीचा त्यांच्या नावावर, म्हणून पाटलानं कागद त्यांच्याकडे नेलेला. त्याला काय ठाऊक कोण कोणाविरुद्ध लिहिते ते. संत्र्याच्या हंगामात त्या गावी गेल्या होत्या तेव्हा लिहून दिलं असावं. आम्हा दोघांना काही बोलल्या नाहीत. मी तो कागद लपवावा की काय अशा विचारात होतो, तोवर तात्यासाहेबांनी हात पुढे केला. त्यांनी वाचला. परत वाचला. मग मला म्हणाले, "तक्त्यात घ्या. 'पाहिजे'च्या खाली." पुढल्या बैठकीत ठराव परत आला. सगळं सभागृह त्यांच्याकडे पाहत होतं. ते उठले, उपरणं सारखं केलं, काही क्षण उभे राहिले आणि खाली बसले. ठराव पास झाला. जुन्या मताची मंडळी त्यांच्यावर जाम भडकली. "तात्यासाहेब, हरकत काहून घेतली नाही?" ते म्हणाले, "आता अभिप्राय आले ना."

मग निवडणूक आली. मतदारांच्या याद्या पटवाऱ्यानं जमिनीच्या कागदांवरून उतरवल्या. आणि जमिनीच्या कागदांवर बगीचा अजून यमुनाबाईंच्याच नावावर, कारण वारस म्हणून स्वतःचं नाव चढवायचा अर्ज तात्यासाहेबांनी दिलाच नव्हता. मी चारदा लिहून समोर ठेवला, चारदा तो दौतीखाली गेला. त्यामुळं छापील यादीत तात्यासाहेबांच्या नावाखाली यमुनाबाईंचं नाव ठळक. मी घाबरलो. विरुद्ध पक्षानं बोंब मारली असती की पुढाऱ्याच्या घरात मेलेली मतं आहेत. "साहेब, नाव काढून टाकायला पाहिजे," मी म्हणालो. ते म्हणाले, "पाहू."

मतदानाच्या दिवशी नरखेडच्या शाळेत बायकांसाठी वेगळी खोली होती, दाराला चादर लावलेली, आत एक मास्तरीणबाई यादी घेऊन. तात्यासाहेबांनी सकाळी पुरुषांकडे जाऊन आपलं मत दिलं. उमेदवार म्हणून त्यांनी चार ठिकाणी हिंडायला पाहिजे होतं. टांगा तयार होता, कार्यकर्ते ओरडत होते. ते गेले आणि बायकांच्या खोलीसमोरच्या बाकावर बसले.

"साहेब, चला ना," मी म्हणालो.

"घाई काय आहे?"

बसले ते बसलेच. मी शेजारी बसलो. करतो काय? पाय दुखायला लागले, पोटात कावळे ओरडायला लागले. फार बायका आल्या नाहीत, पण ज्या आल्या त्यांचं नाव मास्तरीणबाई आतून मोठ्यानं वाचायच्या, आणि प्रत्येक नावाला तात्यासाहेब मान वर करायचे. दुपारी बाई बाहेर आल्या. "कोणाची वाट पाहून राहिले जी?"

"घरची मंडळी," तात्यासाहेब म्हणाले. "नाव आहे यादीत. एकदा वाचा ना."

बाईंनी यादी पाहिली आणि वाचलं, "यमुनाबाई भ्रतार तात्यासाहेब ढोबळे." खोलीच्या दारात उभं राहून, चांगलं खणखणीत. मी खाली फरशीकडे पाहत होतो. तात्यासाहेबांनी उपरण्यानं डोळे पुसले, कोणापासून न लपवता. "आल्या नाहीत का?" बाईंनी विचारलं. ते म्हणाले, "नाही. पण हाक मारली तुमी. बरं केलं."

पाचला खोली बंद झाली तेव्हा ते उठले. निवडणूक ते हरले. हरायचेच होते, एका बाकावर बसून कोण निवडून येतो?

परतताना नागपूरच्या स्टेशनावरून टांग्यात ते मला म्हणाले, "एक वर्ष मी थांबवलं गा. मीच थांबवलं. नाहीतर तिनं दिलं असतं." यावर खोटं तरी कसं बोलणार? काहीतरी बोलायचं म्हणून, आणि कामाचा माणूस म्हणून, मी म्हणालो, "साहेब, उद्या तो अर्ज देऊन टाकतो. जमिनीवरचं नाव बदललं की यादीतलं आपोआप निघेल."

सक्करदऱ्याचा तलाव दिसला तेव्हा ते म्हणाले, "अभिप्राय मागवा, गणपतराव."

बावीस वर्षांत पहिल्यांदाच मला त्या शब्दांचा कंटाळा आला नाही. घरी जाऊन मी अर्जावर 'अभिप्रायासाठी' असा शेरा मारला आणि तो नरखेडच्या गठ्ठ्यात, पेनसिलीनं लिहिलेल्या त्या कागदाखाली बांधून ठेवला. तात्यासाहेब जाईपर्यंत त्यांनी त्याची चौकशी केली नाही, आणि मी तो गठ्ठा सोडला नाही.