लिलीच्या वाफ्यातला गाऊन

मुलीच्या बाळंतपणाला जाताना बायको हेडक्लार्कना एवढंच म्हणाली, "लिलीचे कांदे लावलेत. फुलं यायच्या आत येते. तेवढं सांभाळा."

झालं! रिटायर झाल्यापासून हेडक्लार्कना सांभाळायला काही उरलंच नव्हतं. (आवाज तेवढा शाबूत होता, पण ऐकणारीच लेकीकडे गेली!) ते उठल्या उठल्या वाफ्याशी जाऊन वाकत. कोंब वर आला की बायको जवळ आली, असा सरळ हिशोब.

आणि नेमका गल्लीतला भुऱ्या कुत्रा तोच वाफा उकरायला लागला. हेडक्लार्कनी तिखट टाकलं. दिवसभर स्वतःच शिंकले. काटे पसरले, कोंब बघायच्या नादात स्वतःचाच पाय पडला. शेवटी डोक्यात प्रकाश पडला. या घरात भुऱ्या आणि आपण, दोघंही घाबरतो ते एकाच माणसाला! त्यांनी बायकोचा गाऊन काठीवर चढवून वाफ्यात उभा केला.

सकाळी बघतात तर भुऱ्या गाऊनच्या घेरात नाक खुपसून गाढ झोपलेला. हाकलायला उचललेला हात आपोआप खाली आला. गाऊनला अजून तिच्या साबणाचा वास होता. हेडक्लार्कनाही तिची फार फार आठवण येत होती, पण त्यांना असं थोडंच झोपता येणार? ते चहा घेऊन पायरीवर बसले.

"साखर जास्त पडलीय, ओरडू नकोस," ते गाऊनला म्हणाले.

कुंपणापलीकडून शेजारच्या शिंपीणबाईंनी विचारलं, "वहिनी आल्या का हो?"

"नाही अजून."

"तरीच! म्हटलं, एवढा वेळ तुम्हीच कसे बोलताय?"

संध्याकाळी फोनवर त्यांनी भुऱ्याची तक्रार केली. बायको जरा घुटमळली.

"अहो, मी त्याला तिथंच बिस्किटं घालायचे. तुम्ही आरडाओरडा कराल म्हणून मातीखाली लपवून. तीच शोधत असेल बिचारा."

दुसऱ्या दिवसापासून हेडक्लार्क पुडा घेऊनच पायरीवर बसू लागले. एक बिस्किट भुऱ्याला, दोन स्वतःला. (झुरणाऱ्या माणसाला भूक फार लागते.) उकरणं थांबलं, लिलीला कळी धरली आणि एका सकाळी दारात रिक्षा थांबली.

विरहानं खंगलेला चेहरा हेडक्लार्कनी आरशासमोर घोटून ठेवला होता. पण भुऱ्या त्यांच्या आधी धावला.

"अगं बाई, माझ्या आठवणीनं किती वाळलास रे!" बायकोचे डोळे भरून आले.

हेडक्लार्क पोट आत ओढून आपल्या पाळीची वाट बघत उभे राहिले. तिनं त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"तुम्हाला मात्र माझं नसणं चांगलंच मानवलंय!"