भवानीपूरच्या गल्लीतील सायलेन्सराची मोहीम

श्रीगणेशाय नमः. सकळ मोटारमंडित गृहस्थांचे सेवेसी, आणि ज्यांस मोटार नाही परंतु कान आहेत अशा थोर जनांचे सेवेसी विनयपूर्वक विदित करितो ऐसे की, शके अठराशे शहात्तर, जयनाम संवत्सरी, वैशाखमासी, कलकत्ता मुक्कामी एका अरुंद गल्लीत जो संग्राम जाहला, त्याची वार्ता लोक नानापरी सांगतात. कोणी म्हणतो तयार माल जिंकला, कोणी म्हणतो घडीव जिंकला. ऐसियास सत्य ते लोपू नये, याजकरिता जे घडले ते घडले तैसे, पदरचे काही न घालता, येथे लिहिले आहे.

प्रथम पूर्वपीठिका. दोनशे वर्षांमागे नागपूरकर भोसल्यांचे स्वार, ज्यांस बंगाली लोक बर्गी म्हणत, बंगाल्यात उतरले, तेव्हां कलकत्तेकरांनी धास्ती घेऊन शहराभोवती खंदक खणावयास घेतला, आणि तो पुरा होण्यापूर्वीच भय सरले, आणि स्वार शहरी आलेच नाहीत. मग जे कार्य फौजांस साधले नाही, ते केंद्र सरकारच्या बदलीच्या एका हुकुमाने साधले. हिशेबतपासणी खात्यातील अधिकारी राजश्री गुरुदत्तपंत अभ्यंकर, स्वभावे सरळ, अक्षर मोत्यासारखे, पुण्याहून निघोन सहकुटुंब हावडा स्टेशनी उतरले, आणि कोणी अडविले नाही, आणि भवानीपुरात बिऱ्हाड करोन राहिले. मग स्वदेशी परतणाऱ्या एका इंग्रज साहेबापासून त्यांनी जुनी मोटार खरेदी केली, आणि तिजवर बहुत माया जडली.

खाशांस, म्हणजे पंतांस, कचेरी होती आणि मोटार होती. कुटुंब वृंदाबाई यांस दोन्ही नव्हते. भाषा परकी, भाजी परकी, दारावर येणारा फेरीवाला काय ओरडतो तेही कळेना. ऐशा समयी गल्लीच्या तोंडाशी जे घोषालांचे घर, तेथील सून नीलिमाबाई यांणी आपण होऊन दोस्ती केली. घोषालांच्या घरची राज्यसूत्रे थोरल्या मालकीणबाई, ज्यांस सर्व गल्ली गिन्नी म्हणे, त्यांचे हाती होती, आणि सुनेस त्यांच्या आज्ञेवाचून उंबरा ओलांडणे नव्हते. परंतु गिन्नी दुपारचे भोजन आटोपून निद्रा करीत, आणि ती निद्रा हीच नीलिमाबाईंची सनद. सासूबाईंचा डोळा लागला की त्या चार दारे ओलांडून वृंदाबाईंकडे येत, आणि बाजारात घासाघीस कैसी करावी ते शिकवीत, आणि मोबदल्यात विणकाम शिकत. दुपारच्या सुटीत खासे जेवावयास आले की नीलिमाबाई आतल्या खोलीत सरत, आणि ते गेले की पुन्हा बाहेर येत. ऐसा बंदोबस्त सुरळीत चालिला होता.

तो एके दिवशी हाजरा रोडाच्या चौकी ट्रामच्या रुळांवरून जाता मोटारीच्या पोटाखालील लोखंडी नळकांडे, जे धूर बाहेर घालविते आणि आवाज गिळते, ज्यास सायलेन्सर म्हणतात, ते फाटले. त्या दुपारी खाशांची स्वारी गल्लीत शिरली ती तोफखाना समागमे घेऊनच शिरली. छपरावरचे कावळे उडाले, पाणवठ्यावरील बालद्या थरारल्या, आणि घोषालांच्या वरल्या मजल्यावरील निद्रा भंग पावली. गिन्नी खिडकीत आल्या आणि सुनेस हाक मारोन सर्वांदेखत बोलिल्या, "बौमा, बघ गं, बर्गी परत आले. मागल्या खेपेस घोडे तरी होते. घोडा कसा, पाणी पिताना गप्प बसतो."

मग गिन्नींनी ऐसा निश्चय केला की, मराठ्यांच्या राज्यात झोप नाही तर नाही, आणि दुपारी जागेच राहोन सुनेस उशाशी बसवावे आणि पंखा घालावयास लावावे. येणेकरून नीलिमाबाईंची सनद जप्त जाहली.

कोणी पुसेल की खाशांनी ट्रामने का येऊ नये. तर ट्रामने येजा करिता सुटी ट्रामीतच सरे. मोटार गल्लीच्या तोंडाशी ठेवावी, तर तेथेच गिन्नींची खिडकी. वृंदाबाईंनी तक्रार केली नाही. वैशाखाचा उन्हाळा म्हणोन त्यांनी दोन पेले पन्हे केले, आणि एक झाकोन ठेविला, आणि संध्याकाळी तोही आपणच प्यायल्या. दुसरे दिवशी पुन्हा तैसाच झाकलेला पेला खाशांनी पाहिला आणि पुसले. त्या इतकेच बोलिल्या, "नीलिमा येत नाही आता." मग खाशांचे ध्यानी आले की प्रकरण लोखंडाचे नव्हे.

त्या रविवारी मसलत बैसली. एक मुत्सद्दी श्यामराव वकील, तीन पिढ्यांचे कलकत्तेकर, ज्यांचे मराठीत मधून मधून बंगाली हेल येई. आणि दुसरे चारुदत्त, बँकेचे अधिकारी, बदलीवर आलेले. श्यामरावांचा पक्ष ऐसा की मल्लिक बाजारात जावे, तयार सायलेन्सर उचलावा, आणि निर्वेध व्हावे. चारुदत्तांचा पक्ष ऐसा की मोटार जुनी, तिचे अंग वेगळे, तीस कारागिराकडोन मापाचा घडवोनच घ्यावा.

श्यामराव म्हणाले, "कारखान्यात इंजिनियर बसलेत ते काय माशा मारतात?"

चारुदत्त म्हणाले, "तुम्ही सदराही तयारच घेता श्यामराव. म्हणून बाह्या कोपरापाशी संपतात."

"आणि तुमचा शिंप्याकडचा. मग पोटावरचं बटण का लागत नाही?"

"माप गेल्या वर्षीचं आहे."

"मग शिंपी चुकला की पोट?"

याजवर चारुदत्तांनी चहाचा पेला खाली ठेविला, आणि वृंदाबाई आतून पोहे घेऊन आल्या म्हणोन रक्तपात टळला.

खाशांनी उभय पक्ष ऐकोन कौल घडीव मालास दिला. कारण हिशेबतपासणीत बारा वर्षे घालविलियाने त्यांची श्रद्धा ऐसी जडली होती की मूळ आणि नक्कल यांतील तफावत हीच सर्व अनर्थांची जननी. मग फाटके नळकांडे उतरवोन, वर्तमानपत्रात गुंडाळोन, चारुदत्तांसह कूच केले, आणि हाराधन मिस्त्री यांचे कारखान्यात, जेथे पत्रे ठोकण्याचा नाद सूर्योदयापासून चाले, तेथे दाखल जाहले. हाराधन मिस्त्रींनी नमुना कापला, आत डोकावले आणि हलवून पाहिला. तेव्हां बहुत काळाचा गंज तेवढा भुईवर सांडला.

मिस्त्री बोलिले, "बाबू, भीतर में तो कुछ नहीं है. कुछ डालेगा?"

येथे मोहिमेचे दैव ठरले. आवाज गिळणारे पडदे आत असावे लागतात, ते साहेबाच्या अमदानीतच गंजून गेले होते, हे खाशांस ठाऊक नव्हते. त्यांस इतकेच दिसले की कारागीर नमुन्यात भर घालू पाहतो. मग ताठ उभे राहोन हुकूम फर्माविला की, नमुन्यात जे आहे तेच, आणि जे नाही ते नाही. तसूभर कमी नको, तसूभर जास्त नको. चारुदत्तांनी मान डोलाविली. हाराधन मिस्त्रींनी एकवार खाशांकडे आणि एकवार नळकांड्याकडे पाहिले, आणि हातोडी उचलली.

काम बेलाशक उत्तम जाहले. पत्रा नवा, सांधे एकसारखे, आणि ट्रामच्या रुळाने पाडलेला पोचा देखील जागच्या जागी. आत निर्मळ पोकळी. मोटार सुरू करिताच तो सायलेन्सर नगाऱ्यासारखा घुमला. पूर्वीचा आवाज फाटका होता, आता तो भरदार जाहला. सोमवारी दुपारी स्वारी गल्लीत येताच गिन्नी खिडकीत आल्या, आणि अंमळ ऐकोन बोलिल्या, "आज वाजंत्री पण आणली वाटतं. बौमा, पंखा." वृंदाबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी वरल्या खिडकीत सासूच्या खांद्यामागे नीलिमाबाईंस पाहिले, आणि नीलिमाबाईंनी पंख्याआडून किंचित हात हलविला. मग त्या आत गेल्या आणि पाने वाढिली.

शिकस्त ऐसी खाल्लियावर खाशांनी श्यामरावांस पाचारिले. श्यामराव "मी म्हणालो होतो" ऐसे वाटेत इतक्या वेळा म्हणाले की पुढे खासेच त्यांस म्हणण्याची आठवण करून देऊ लागले. मल्लिक बाजारात सायलेन्सरांच्या राशी पाहोन दोघेही चकित जाहले. दुकानदाराने मोटारीचे नाव पुसले, आणि ऐकोन हळहळला, आणि सांगितले की या घराण्याचा माल आता येत नाही, परंतु हा एक जवळच्या नात्यातला आहे. वजनास भारी, आत पडदे शाबूत, फुंकर घातली तर उसासा तेवढा निघे. तो घेऊन आले आणि मोटारीखाली धरिला, तो जागेहून वीतभर अधिक लांब. धरावयाच्या पट्ट्या एकीकडे, मोटारीची भोके दुसरीकडे.

चारुदत्त पाहावयास आलेच होते. ते म्हणाले, "छान आहे. शेपटाला झेंडा बांधू?"

श्यामराव म्हणाले, "तुमच्या नगाऱ्यापुढे नाचवायला बरा."

तेव्हां खासे, जे आजवर कोणावर आवाज चढवीत नसत, ते रस्त्यातच बोलिले की, मला तयार नको आणि घडीव नको, मला गल्लीत दुपारी शांतता हवी. माझी बायको दिवसभर कुणाशी बोलत नाही. मग चारुदत्तांनी मागला भाग उचलिला, श्यामरावांनी पुढला उचलिला, आणि तिघे मिळोन पुन्हा हाराधन मिस्त्रींकडे गेले. तेथे तह ठरला तो ऐसा: पोट मल्लिक बाजारचे तयार राहील, नळी हाराधन मिस्त्री मोटारीच्या अंगाने घडवितील, पट्ट्या, बाक आणि लांबी त्यांच्या मर्जीची, आणि खाशांनी नमुना हा शब्द कारखान्यात उच्चारू नये. चौथे कलम श्यामरावांनी घातले आणि चारुदत्तांनी त्यास अनुमोदन दिले. या दोघांचे एकमत जाहल्याचा हा पहिलाच प्रसंग होय.

मंगळवारी मोटार कारखान्यात होती, खासे डबा घेऊन कचेरीस गेले, आणि शांत दुपारी गिन्नींचा निश्चय सुटोन डोळा लागला. बुधवारी दुपारी स्वारी गल्लीच्या तोंडाशी आली. मोटार वळली, आणि घोषालांच्या खिडकीखालोन मांजर जावे तैसी गेली. वर कोणी आले नाही. पडदा वाऱ्याने हलला तेवढाच. खासे उतरले, दार हळू लाविले आणि जिना चढले, आणि अर्ध्या जिन्यात थांबले.

वरून हसणे ऐकू येत होते. नीलिमाबाई आपल्या सासूबाईंची खिडकीतील नक्कल करीत होत्या, आणि मग मोटारीची करू लागल्या, गाल फुगवोन. वृंदाबाई मोडक्या बंगालीत काही बोलिल्या, आणि ते चुकीचे असावे, कारण दोघी पुन्हा हसू लागल्या, आणि वृंदाबाईंस हसता हसता ठसका लागला. कलकत्तेस आलियापासून हा ठसका खाशांनी ऐकिला नव्हता. आपण वर गेलो तर नीलिमाबाई उठोन आत सरतील, हे त्यांस ठाऊक होते. मग ते जिन्यावरच बैसले. सुटी सरत आली तेव्हां उठले, जोडे हाती घेऊन खाली उतरले, आणि मोटार तैसीच मुकाट बाहेर काढिली.

संध्याकाळी वृंदाबाईंनी पुसले, "दुपारी आला नाहीत? आवाज ऐकला की पोळी टाकते मी. आज आवाजच आला नाही."

खासे बोलिले, "काम होतं."

येणेप्रमाणे जयनाम संवत्सरी वैशाखमासी भवानीपूरची गल्ली सर जाहली, गिन्नींची निद्रा पूर्ववत कायम जाहली, आणि नीलिमाबाईंची सनद बहाल जाहली. तयार आणि घडीव हे दोन्ही पक्ष फत्ते आपली म्हणोन सांगतात, त्यांस सांगू द्यावे. आमचेकडील खर्ची पडले ते एक दुपारचे जेवण.