सोनाजीबापूंचा उपाशी मोगरा

आमचे शेजारी सोनाजीबापू दर पौषात मोगऱ्याला उपाशी ठेवायचे. पाणी बंद, पानं ओरबाडलेली, मुळं उघडी. वर त्याच्याशी बोलणंही बंद! "बोललो का दया येते," म्हणायचे आणि त्याच्याकडे पाठ करून तंबाखू मळत बसायचे.

एरवी बापूंचं मोगऱ्याशी दिवसभर चालू असे. बायको वारलेली, एकुलती लेक गोदा अकोल्याला दिलेली. बोलणार तरी कोणाशी?

ते दिवस कापसाचे. सातासमुद्रापलीकडे कुठंशी लढाई जुंपली, कापसाला सोन्याचा भाव आला आणि इकडे आमच्या अमरावतीला येड लागलं. लोकांनी परसातली वांगी उपटून सरकी टोचली, बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवल्या. घरामागच्या विहिरीलगतची काळी जमीन फुलांखाली ठेवणारे बापू एकटेच. सगळी आळी हसायची. बापू ढिम्म.

त्या वर्षी गोदेचा निरोप आला, वैशाखात आखाजीच्या सणाला येते म्हणून. कापसाच्या धबडग्यात सासरच्यांनी तीन वर्षं तिला धाडलंच नव्हतं. बापूंना एकच ध्यास लागला, ती येईल त्या दिवशी मोगरा फुललेला हवा.

आणि मी, शेजारची नवी सून, काय करावं? मला त्या वाळक्या काड्या बघवेनात. बापू बाजाराला गेले की कुंपणाजवळच्या दोन झाडांना गुपचूप घागर ओतायची.

फाल्गुनात बापूंनी शेणखत घातलं, पाणी सोडलं. चैत्रात सगळी झाडं कळ्यांनी लगडली. उपास न घडलेल्या माझ्या दोघांना मात्र पानंच पानं, कळी औषधालाही नाही!

"सूनबाई, याइले कोनं जेवू घातलं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण बापू रागावले नाहीत. हळूच म्हणाले, "तुह्यानं पायवलं नाई ना? मलेबी पायवत नाई."

आखाजीला दिवस कलताना बैलांची दमणी दारात थांबली. गोदा उतरली ती जागीच उभी राहिली. परस पांढरंधोप, वास पार वेशीपर्यंत! हसणारे सगळे शेजारी फुलांसाठी ओंजळी पसरून हजर. बापूंची छाती काय फुगली होती म्हणता!

गजरा ओवणाऱ्या बापाजवळ गोदा टेकली. "बाबा, सारं गाव कापूस लावून राहिलं. तुमीच काहून नाई लावला?"

"कापूस तं तुह्या सासरीबी हाये, पोरी," बापू म्हणाले. "मंग इथं तू कायच्यासाठी आली असती?"

गोदा डोक्यावरचा पदर सारून बापासमोर पाठमोरी बसली. बापूंना गजरा माळता कुठं येत होता! दोनदा सुटला. तिसऱ्यांदा बसला.