दळवींची पंगत

दळवी आमच्या क्लासमध्ये सी ही कॉम्प्युटरची भाषा शिकवायचे आणि फळ्यावर केळीची पानं काढायचे. ऐंशीच्या दशकातली वाशी, क्लासात दोनच कॉम्प्युटर, त्यांची मेमरीही इतकुशी. मी शेजारच्या खोलीत बेसिक ही दुसरी भाषा शिकवायचो. पलीकडून दळवींचं "वाढा" ऐकू आलं की माझ्या पोरांना भूक लागायची.

विषय असायचा दोन मितींचा ॲरे, म्हणजे ओळीओळींचा तक्ता, प्रोग्रॅम चालू असताना जागा मागून मांडायचा. "पाहुणे किती ते ठाऊक नाही, मग शंभर पानं आधीच कशाला मांडता? आले की मोजा. पहिल्यांदा मॅलॉककडून, म्हणजे मेमरीतली जागा देणाऱ्या कोठीवाल्याकडून, ओळींची यादी मागा. कुठली ओळ कुठे सुरू होते, एवढंच तिच्यात. मग एकेका ओळीला तिच्या माणसांएवढी पानं. एकीत चार, एकीत नऊ, काय बिघडलं?" आवरतानाही शिस्त. आधी पानं फ्री, म्हणजे त्यांची जागा परत, यादी शेवटी. "यादीच पुसलीत, तर उष्टी पानं शोधणार कुठे?" आणि कुणी आकडा आधीच ठोकून दिला, की विचारायचे, "मेमरी काय बापाची आहे?"

माणूस सडाफटिंग. लग्नाचा विषय काढला तर म्हणायचे, "मागितली होती जागा. मिळाली नाही."

नेरुळला त्यांनी फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला माणूस दारात आला की मगच पान मांडलं जात होतं. फक्त खिडकीखालची चार पानं सकाळपासून मांडलेली, आणि तिथे कुणाला बसू देईनात. मी चिडवलं, "काय दळवी, आकडा ठोकलात?"

"धाकटा भाऊ यायचाय, चिपळूणहून," ते हळूच म्हणाले. "तो, त्याची बायको, दोन पोरं." वडिलांच्या घरावरून दोघांचं बोलणं कधीचं तुटलं होतं. दळवींनी पत्र टाकलं होतं, उत्तर आलं नव्हतं.

सगळे जेवून उठले. आचारी भांडी आवरू लागला. दळवी उपाशीच, पण ती ओळ उचलू देईनात. मला त्यांची दया आली आणि त्या भावाचा संताप.

मग भाऊ आला. मागे बायको, मिशा फुटलेला मुलगा, मुलगी, जावई, आणि मुलीच्या कडेवर तान्हं पोर.

"दादा, आम्ही जास्त झालो काय?"

दळवी मुलीकडेच बघत राहिले. "ही तर एवढीशी होती," म्हणाले, आणि घाईघाईने आणखी पानं मांडू लागले. तान्ह्या पोरालाही एक मांडलं.

भावाने त्यांच्या हातातली पानं काढून घेतली, त्यांना धरून मुलीशेजारी बसवलं. "तू बस. मी वाढतो."