राखीव पाणी

टोमॅटोच्या सगळ्या रोपांनी माना टाकल्या होत्या. केशाने त्यातल्या एकाला हलकेच बोट लावलं, तर ते बुंध्यापाशी सुटून त्याच्या हातातच आलं. तेवढ्यात आत मोठ्या कक्षात घंटी वाजली. अवकाशस्थानक संपर्काच्या टप्प्यात येत होतं आणि त्याच्याशी बोलायचं काम केशाचं होतं. त्याने ते रोप खिशात कोंबलं, जागेवर जाऊन बसला आणि कानाला यंत्र लावलं.

"केशा, दमीर बोलतोय. येतंय का ऐकू?"

"स्वच्छ येतंय."

"माझी पोरं कशी आहेत?"

पोरं म्हणजे हीच रोपं. हिवाळ्यात वर जाण्याआधी दमीर वलीतोवने बियांची पुडी केशाच्या हातात ठेवली होती. 'बैलाचं काळीज' जातीचे टोमॅटो, एकेक मुठीत न मावणारा. ते बी दमीरच्या आईने कझानकडच्या खेड्यात वर्षानुवर्षं जपलं होतं. यंदा ती गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मॉस्कोत लेकीकडे अडकली होती, आणि खिडकीत रोपं लावायला दमीर खाली नव्हता. "तुझ्याशिवाय कुणाचा भरवसा नाही बघ," असं म्हणून तो गेला होता.

"मजेत आहेत," केशा म्हणाला. "वाढ नियोजनाप्रमाणे."

त्याचा आवाज जराही हलला नाही. या आवाजावरच तर त्याला ही जागा मिळाली होती. टाकीतला दाब बरोबर आहे असं केशाने सांगितलं की वरची माणसं निर्धास्त झोपत. तोच आवाज आज भर कक्षात, सगळ्यांच्या कानांदेखत, साफ खोटं बोलला होता. खिशातलं ओलं रोप मांडीला गार लागत होतं आणि केशाला धरणी पोटात घेईल तर बरं असं वाटत होतं.

संपर्क संपल्यावर पाळीप्रमुख तमारा ल्वोव्हना जिन्याजवळच्या खिडकीशी, रोपांच्या कुंडीपाशी, चौकशीला उभ्या राहिल्या.

"पाणी कोण घालत होतं?"

"मी," केशा म्हणाला. "आणि मी विसरलो तर राखीव म्हणून स्तास."

स्तास शेजारच्या टेबलावरचा. त्याने घसा खाकरला. "मलाही काही झालं तर, म्हणून मी रात्रपाळीला सांगून ठेवलं होतं."

"आणि रात्रपाळीने सकाळपाळीला?"

"सांगणारच ना. आपली पद्धतच आहे ती."

तमारा ल्वोव्हनांनी कुंडीतल्या मातीत बोट खुपसून पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "तुमचा काय नेम, म्हणून मीपण रोज कपभर घालत होते."

वनस्पतीशास्त्राच्या रिम्माने कुंडी हुंगून निकाल दिला. "मुळं कुजली. बुडवून मारलंत गरिबांना! जरा दमीरकडून शिका. वर माती नाही, वजन नाही, तरी माझ्या प्रयोगाचं सॅलड, ती हिरवी पानं, कशी वाढवतोय! दर सोमवारी फोटो पाठवतो. पाच आठवडे झाले, एक पान वाकडं नाही."

केशा अजूनच खजील झाला. त्याने त्याच दिवशी खरं सांगायचं ठरवलं. पण पुढच्या संपर्कात दमीरच आधी बोलला. "रविवारी घरच्यांशी बोलायचंय. रोपं कॅमेऱ्यासमोर ठेव रे. आईला बघायचीत, आणि मलाही. इथे सगळं पांढरं बघून डोळे विटले."

"ठेवतो," केशाचा आवाज म्हणाला. केशा स्वतः काहीच म्हणू शकला नसता.

शनिवारी तो रेल्वेस्टेशनबाहेरच्या बाजारात गेला. टोमॅटोची रोपं संपली होती. रोपं विकणाऱ्या आजीबाईकडे फक्त ढोबळ्या मिरचीची उरली होती.

"घेऊन जा," ती म्हणाली. "लांबून टोमॅटोच वाटतात."

"किती लांबून?"

"तुला किती लांबून दाखवायचीत?"

"चारशे किलोमीटर."

आजीबाईने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि पैसे आधी मागून घेतले.

केशाचा हिशेब सोपा होता. आई लेकीच्या घरून पडद्यावर बोलेल, दमीर वरून बघेल, वास कुणालाच येणार नाही. पण रविवारी भेटीच्या छोट्या खोलीचं दार उघडलं आणि काठी टेकत, हातात चकचक, ती मधात घोळलेली तातार मिठाई, घेऊन दमीरची आई, मीनझिफा आपा, स्वतः आत आल्या. मागोमाग त्यांच्या स्वागताला तमारा ल्वोव्हना, सॅलडची खुशाली विचारायला रिम्मा आणि कॅमेरा धरायला स्तास. केशाच्या तोंडचं पाणीच पळालं.

"इतक्या लांब कशाला त्रास घेतलात, आपा?"

"लेकराला बघायला त्रास कसला? आणि रोपं न्यायचीत ना गावाला."

पडद्यावर दमीर उगवला. आपांनी आधी त्याला डोळे भरून पाहिलं, मग कुंडी जवळ ओढली. एक पान चिमटीत चोळलं, बोटं नाकाशी नेली आणि केशाकडे पाहिलं.

"आई, कशी झालीयेत गं?"

"छान झालीत रे," आपा म्हणाल्या. "चांगली गुटगुटीत."

त्या चारचौघांत ओरडल्या असत्या तर केशाने ते सहन केलं असतं. पण त्याची लाज झाकायला त्या माउलीने पोटच्या पोराशी खोटं बोलावं, हे त्याला पेलवेना. तो कॅमेऱ्यासमोर आला.

"दमीर, ही मिरची आहे." आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याचा आवाज कापला. "तुझे टोमॅटो मेले. आम्ही सगळ्यांनी मिळून पाणी घालघालून मारले. मी तुझ्याशी खोटं बोललो. रोज बोललो. माझी मलाच लाज वाटतेय."

दमीरने इकडेतिकडे पाहिलं. "रिम्मा आहे का तिथे?"

"आहे."

"ती जरा बाहेर जाईल का?"

"नाही जाणार," रिम्मा म्हणाली. "का?"

"ते सॅलड... आम्ही खाल्लं, रिम्मा. आठ मार्चला, महिला दिनाच्या मेजवानीत."

"पण मग फोटो?"

"एकाच दिवशी काढून ठेवलेत सगळे. महिनोन्महिने डबे फोडून खातोय गं आम्ही. समोर हिरवं पान डोलत होतं. आधी एकच तोडलं." तो खाली मान घालून म्हणाला, "मी तुला सांगणारच होतो, केशा. पण तू इतक्या इमानाने माझी रोपं वाढवत होतास, मला तोंड उघडायचा धीरच होईना."

रिम्मा उठून उभी राहिली, पण तिने तोंड उघडण्याआधीच चित्र थरथरलं आणि विझलं. स्थानक संपर्काबाहेर गेलं होतं. दमीरला ती सोय होती, केशाला नव्हती.

खोलीत कुणी कुणाकडे बघेना. शेवटी आपांनीच पिशवीत हात घातला आणि कागदाची एक पुडी काढून केशापुढे धरली.

"बी आहे. अजून उशीर नाही झालेला."

"आपा, तुमच्याकडे होतं?"

"मग! राखीव ठेवायची अक्कल काय तुम्हालाच आहे? घे. पण पाणी एकट्याने घालायचं. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही."

"एकट्यानेच घालेन," केशा म्हणाला.

"योग्य आहे," तमारा ल्वोव्हना म्हणाल्या. "जबाबदारी एकाच माणसाची." मग त्या जरा घुटमळल्या. "फक्त समजा, केशा आजारी पडला तर?"

मागून स्तासने हळूच हात वर केला. रिम्मानेही केला.

आपांनी पुडी मुकाट्याने परत पिशवीत ठेवली.