दुसऱ्या वळणावर

बाटलीबंद पाण्याच्या त्या कारखान्यात तीन नंबरच्या लाइनवर झाकणं वाहून नेणारा वारा म्हणजे वामन पांचाळ यांचा शेवटचा श्वास होता. निवृत्तीला वर्षं बाकी असताना कामगार गेला, तर उरलेली सेवा त्याचा श्वास पूर्ण करत असे. चारही लाइनींवर हीच व्यवस्था होती आणि तिच्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

काम तसं सरळ होतं. जमिनीलगतच्या पेटीतून निळी झाकणं पारदर्शक नळीत शिरायची. वारा त्यांना एकामागून एक वर ढकलायचा, नळी दोनदा वळायची आणि शेवटी झाकण सुलटं होऊन बाटलीच्या तोंडावर बसायचं. वामनरावांची बायको सुलभा त्याच लाइनवर होती. पालथं आलेलं झाकण काढून टाकायचं, एवढंच तिच्याकडे होतं. सकाळी आल्यावर ती नळीवर तळहात ठेवायची. नळी आतून बारीक थरथरत असायची. मग ती केसांवर जाळी चढवून कामाला लागायची.

दिवाळीनंतर झाकणं अडकायला लागली. नेहमी एकाच जागी, दुसऱ्या वळणाच्या खाली. तिथं त्यांची रांग काही क्षण नुसती उभी राहायची, मग पुढे सरकायची. तोवर खालून दहा-बारा बाटल्या उघड्या तोंडानं निघून गेलेल्या असायच्या.

कार्मिक अधिकारी टिळेकर साहेब फाइल घेऊन आले.

"सुलभाबाई, तुमचे मिस्टर मध्येच काम थांबवतात."

"थांबवत नाहीत साहेब, दम खातात. आमची खोली तिसऱ्या मजल्यावर. जिन्याच्या दुसऱ्या वळणावर कठडा धरून उभे राहायचे. मला म्हणायचे, तू हो पुढे. मी वर जाऊन कुलूप काढलं की यायचेच."

"साधारण किती वेळ?"

"कुलूप काढेपर्यंत."

टिळेकरांनी ते लिहून घेतलं. "लाइनला कुलूप नसतं, बाई," ते म्हणाले.

गुरुवारी पत्र आलं. वारा सेवेस अपात्र. शनिवारी कार्यमुक्त करावा. पद्धत अशी होती की गच्चीवरची झडप उघडायची, जवळच्या नातेवाइकानं नाव घेऊन तीनदा हाक मारायची, आणि वारा आपणहून बाहेर पडायचा. कोणी हाक मारली नाही, तर मोठा पंखा लावून त्याला हुसकावत. मागे एकाला तसं काढलं होतं. त्याचे तुकडे आठवडाभर कॅन्टीनमधले कागदी कप हलवत होते.

"बाहेर पडून कुठे जातील?" सुलभानं टिळेकरांना विचारलं.

"वारा आहे. जाईल कुठेतरी."

"आणि परत?"

"परत येण्याची तरतूद नाही."

जेवणाच्या सुट्टीत ती मंदा शेलारशेजारी बसली. मंदाचे यजमान चार नंबरची लाइन ओढत होते.

"आमचे बघ," मंदा म्हणाली, "जिवंतपणी उठून पाण्याचा तांब्या घेतला नाही. आता मिनिटाला तीनशे झाकणं उचलतात. तू डबा उघड आधी."

सुलभानं डबा उघडला नाही. "मंदे, नाव घ्यायचंय. आणि मी यांचं नाव कधी तोंडानं घेतलेलं नाही. मंगळागौरीत उखाण्यात घेतलं तेवढंच."

"मग उखाणा घे की!"

सुलभा टिळेकरांकडे गेली आणि उखाणा चालेल का, असं विचारून आली. परिपत्रकात उखाण्याचा उल्लेख नव्हता.

शनिवारी चौघं गच्चीवर जमली. टिळेकर होते, झडप उघडायला फिटर होता, आणि शाल-श्रीफळाचं ताट धरायला मंदा होती. चारही नळ्या त्या एकाच झडपेशी येऊन मिळत. फिटरनं चाक फिरवलं. टिळेकरांनी घड्याळ पाहिलं.

सुलभानं ओठ उघडले. नाव ओठांपर्यंत आलं आणि तिथंच राहिलं. पंख्यानं त्यांचे तुकडे झालेले तिला चालणार नव्हते. मग सत्तावीस वर्षं जशी हाक मारली तशीच तिनं मारली.

"अहो."

आधी तंबाखूचा वास आला. मंदाचा पदर खांद्यावरून उडाला.

"हे आमचे," मंदा म्हणाली. तिच्या हातातलं ताट वाजायला लागलं. "अहो, थांबा ना! तुम्हाला नाही बोलावलं!"

पण त्यांना घरी दुसऱ्या नावानं कोणी कधी बोलावलंच नव्हतं. त्यांच्या मागून आणखी एक वारा निघाला, मग आणखी एक. पाण्याच्या टाकीवरून, कुंपणाच्या तारेवरून ते माळाच्या दिशेनं गेले. खाली तीन लाइनींचा आवाज एकापाठोपाठ एक बंद झाला.

सुलभा थांबून राहिली. कुलूप काढायला लागतो तेवढा वेळ गेला, त्याच्या दुप्पट गेला. चौथा कोणी आला नाही.

"साहेब," खालून कोणीतरी ओरडलं, "तीन नंबरची झाकणं दुसऱ्या वळणाखाली उभी आहेत!"

"बाकीच्यांना म्हणाले असतील, तुम्ही व्हा पुढे," सुलभा म्हणाली.

टिळेकरांनी घाईघाईनं झडप बंद करायला लावली.

सोमवारी फलकावर आदेश लागला. अन्य वारा उपलब्ध नसल्यानं वामन पांचाळ यांची सेवा पुढील आदेशापर्यंत चालू राहील. 'अपात्र' या शब्दावर लाल रेघ मारली होती. शाल आणि श्रीफळ दोन घरी पोचवण्यात आलं. मंदाला तिचं चार नंबरच्या बंद लाइनजवळच मिळालं. तिनं सही केली.

त्यानंतर आठ दिवस मंदा सुलभाशेजारी जेवायला बसली नाही.

नवव्या दिवशी मंदा डबा न उघडताच तीन नंबरपाशी आली. सुलभानं तिच्याकडे पाहिलं आणि बाजूला सरून जागा दिली. मंदानं नळीवर तळहात ठेवला.

वर दुसऱ्या वळणाखाली झाकणं थांबली. खालून बाटल्या उघड्याच पुढे जात राहिल्या. दोघी थांबल्या.